कराचीवरून जाणारी रेषा

मुंबईच्या विमानतळापासून लंडनच्या हीथ्रोपर्यंतचे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. या मार्गावरची मोठी विमाने उंचावर स्थिरावली की ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास वेगाने उडतात. भागाकार केला तर उत्तर येते आठ तास. वेळापत्रक मात्र वेगळे सांगते. मुंबईहून लंडनला जाताना साडेनऊ-दहा तास धरलेले असतात आणि येताना नऊच्या आसपास. म्हणजे जाताना दीड-दोन तास आणि येताना तासभर असा वेळ उरतो, जो साध्या हिशेबात बसत नाही. तो तांत्रिक तपशील म्हणून सोडून दिला जातो, पण या दोन शहरांचे खरे नाते त्या उरलेल्या वेळातच दडलेले आहे असे मला वाटते. गेल्या दीडशे वर्षांत मुंबई आणि लंडन जवळ आले किंवा लांबले, ते वाहनाच्या वेगामुळे जितके, त्याहून अधिक दोन कारणांनी: मधल्या देशांनी वाट दिली की नाही, आणि वाटेत किती वेळा थांबावे लागले. वाऱ्याचा आणि विमानतळांवरच्या गर्दीचा वाटाही आहे, पण तो या दोहोंच्या मानाने लहान आहे.

सुरुवात रेषेपासूनच करावी, कारण सात हजार दोनशे हा आकडा जिच्यावरून येतो ती रेषा शाळेतल्या नकाशावर दिसत नाही. भिंतीवरच्या सपाट नकाशात मुंबई आणि लंडन पट्टीने जोडले, तर ती वाट साधारण पश्चिमेकडे झुकलेली दिसते. गोल पृथ्वीवरची सर्वांत जवळची वाट तशी नसते. ती आधी उत्तरेकडे चढते आणि मग हळूहळू पश्चिमेला वळते. मुंबईहून ती जवळजवळ थेट वायव्येला निघते. सपाट नकाशावरची सरळ वाट धरली तर सुमारे दोनशे किलोमीटर जास्त पडतात. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला, तर ही रेषा अरबी समुद्राचा एक कोपरा ओलांडून सौराष्ट्रात गीर-जुनागढच्या भागात शिरते, कच्छमध्ये मांडवीच्या आसपासच्या भागावरून जाते आणि जवळजवळ कराचीच्या डोक्यावर येते. तिथून बलुचिस्तानचे उघडेबोडके डोंगर आणि अफगाणिस्तानचा नैऋत्य कोपरा चाटून ती इराणच्या वाळवंटात शिरते. पुढे तेहरानला पश्चिमेकडे ठेवून अल्बोर्झ पर्वत, कास्पियन समुद्राची दक्षिण बाजू, अझरबैजान आणि तिबिलिसीच्या आसपासचा जॉर्जिया लागतो. कॉकेशस ओलांडला की काळ्या समुद्राचा रशियाकडचा किनारा, क्रिमिया, दक्षिण युक्रेन, मग पोलंडची दक्षिण सीमा, चेक प्रजासत्ताक, जर्मनी आणि शेवटी इंग्लिश खाडीच्या तोंडाशी असलेला समुद्र. गोलावर ही वाट सुंदर दिसते. आणि आजच्या जगातल्या जवळपास प्रत्येक कठीण भागातून ती जाते.

त्या रेषेवरची नावे पुन्हा एकदा क्रमाने वाचावीत. पहिल्या तासाभरातच पाकिस्तानची हद्द लागते. पहलगामच्या हल्ल्यानंतर, २४ एप्रिल २०२५ रोजी, पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपली हवाई हद्द बंद केली. भारताने ३० एप्रिलला तसेच उत्तर दिले आणि पुढे ही बंदी महिन्या-महिन्याने वाढवली जात राहिली. पुढचा टप्पा इराणचा. १३ जून २०२५ रोजी इस्रायलने इराणवर हल्ला केला तेव्हा इराण, इराक आणि जॉर्डनचे आकाश नागरी विमानांसाठी बंद झाले. त्या दिवशी मुंबईहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान वाटेतून मुंबईला परत फिरले आणि लंडनहून मुंबईकडे येणारे व्हिएन्नाला उतरवावे लागले. त्यापुढचा मोठा भाग युक्रेनचा. ते आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे. त्याच्या पूर्वेकडच्या भागाचा धडा जगाने आधीच घेतला होता. १७ जुलै २०१४ रोजी मलेशियन एअरलाइन्सचे एमएच १७ हे विमान दोनेत्स्कच्या प्रदेशावर क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि २९८ माणसे गेली. ८ जानेवारी २०२० रोजी तेहरानहून उडालेल्या युक्रेनच्या प्रवासी विमानाचीही तीच गत झाली. त्यात १७६ जण होते. मुंबई ते लंडन ही सर्वांत जवळची रेषा म्हणजे भूमितीने दिलेले एक उत्तर आहे. त्या रेषेवरून कोणी उडत नाही. प्रत्यक्षातली वाट समुद्रावरून ओमान-आखाताच्या दिशेने निघते, परिस्थितीप्रमाणे इराण, इराक किंवा सौदी अरेबियाचे आकाश धरते, तुर्कस्तान ओलांडते आणि रोमानिया, हंगेरी, ऑस्ट्रिया, जर्मनी करत उत्तर समुद्राच्या टोकाशी पोहोचते. यातला एक देश गळला की वाट बदलते, आणि वाट बदलली की वेळ बदलते.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. पाकिस्तानची बंदी भारतात नोंदलेल्या आणि भारतीय कंपन्या चालवत असलेल्या विमानांना होती. ब्रिटनमध्ये नोंदलेल्या विमानाला ती लागू नव्हती. त्यामुळे एकाच रात्री, एकाच विमानतळावरून, एकाच गावी निघालेल्या दोन विमानांना कायद्याने दोन वेगळी आकाशे उपलब्ध असतात. शेपटीवरचा ध्वज कोणाचा, यावर वाट ठरते. याचे मूळ १९४४ च्या शिकागो करारात आहे. प्रत्येक देशाची आपल्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण आणि एकट्याची सत्ता आहे, हे त्या कराराच्या पहिल्याच कलमात मान्य केले आहे. खुल्या समुद्रावर जहाजाला कोणाला विचारावे लागत नाही, जमिनीवरच्या आकाशात विमानाला विचारावे लागते. मुंबईच्या बाजूने एक गोष्ट मात्र आहे, ती म्हणजे तिच्या पश्चिमेला समुद्र आहे. दिल्लीहून लंडनला जाणाऱ्या भारतीय विमानाला पाकिस्तान टाळण्यासाठी आधी दक्षिणेकडे उतरून समुद्र गाठावा लागतो. मुंबईचे विमान धावपट्टी सोडताच समुद्रावर असते. म्हणून किलोमीटरच्या तक्त्यात लंडनला मुंबईपेक्षा दिल्ली जवळ असूनही, आकाश बंद झाले की तो फायदा बराचसा आटतो.

यावर पहिला आक्षेप सहज येईल की युद्धे आणि बंदी हे अपवाद आहेत. अपवादांवरून नियम कसा काढायचा? शांतता आली की रेषा पुन्हा सरळ होईल. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, पण या वाटेचा इतिहास त्याच्या बाजूने साक्ष देत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर पाकिस्तानचे आकाश बंद झाले ते १६ जुलैपर्यंत. त्या काळात जुलैच्या सुरुवातीपर्यंत एकट्या एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा फटका बसल्याचे सरकारने राज्यसभेत सांगितले होते. १९८० ते १९८८ हा इराण-इराक युद्धाचा काळ, १९९०-९१ हा कुवेतच्या युद्धाचा. आकाशाच्या आधीच्या काळातही तेच. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि आफ्रिकेला वळसा घालून होणारा मुंबई-लंडन समुद्रप्रवास सुमारे चाळीस टक्क्यांनी आखूड झाला. जहाजाच्या वेगाशी या कपातीचा संबंध नव्हता, मधली एक वाट उघडली एवढेच. १८७३ मधल्या ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांच्या जगप्रवासाच्या कादंबरीत लंडनहून सुएझला सात दिवस आणि सुएझहून मुंबईला तेरा, असा वीस दिवसांचा हिशेब धरला आहे. तो त्या काळच्या रेल्वे आणि आगबोटींच्या वेळांशी जुळणारा होता. हा कालवा जून १९६७ च्या युद्धात बंद पडला आणि जून १९७५ पर्यंत बंदच राहिला. त्या आठ वर्षांत जहाजांना लंडन-मुंबई अंतर पुन्हा व्हास्को द गामाच्या काळाएवढे झाले. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर अनेक मालवाहू कंपन्यांनी पुन्हा आफ्रिकेचा वळसा पत्करला. प्रत्येक बंदी तात्पुरती असते हे खरे, पण दीडशे वर्षांत असा काळ शोधून काढणे अवघड आहे, ज्यात या वाटेवर कुठली ना कुठली तात्पुरती बंदी नव्हती. प्रवासाचा वेळ ठरवताना तिला हिशेबात धरणे हेच शहाणपणाचे.

विमानाच्या इतिहासात तर ही गोष्ट आणखी स्वच्छ दिसते. इम्पीरियल एअरवेजने ३० मार्च १९२९ रोजी लंडन-कराची हवाई सेवा सुरू केली. हा प्रवास सात दिवसांचा होता. त्या काळची विमाने ताशी दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरने उडत आणि वाट साधारण आठ हजार किलोमीटरची होती. म्हणजे हवेतला वेळ सगळा मिळून दोन-सव्वादोन दिवसांचा. उरलेले जवळजवळ पाच दिवस जमिनीवर जात. रात्री उड्डाण नसे, ठिकठिकाणी इंधन घ्यावे लागे, आणि युरोपातल्या हवाई परवानग्यांचा तिढा सुटलेला नसल्याने स्वित्झर्लंडमधल्या बाझेलपासून इटलीतल्या जेनोआपर्यंत प्रवासी चक्क आगगाडीने जात. जेनोआहून समुद्रावर उतरू शकणाऱ्या विमानाने अलेक्झांड्रिया, पुढे बगदाद, बसरा आणि इराणचा किनारा धरून कराची. हा इराणी किनाराही फार काळ टिकला नाही. इराण सरकारने परवानगी पुढे चालू ठेवली नाही आणि ऑक्टोबर १९३२ मध्ये वाट आखाताच्या अरबी बाजूला सरकली. शारजा हे नाव जागतिक हवाई मार्गावर आले ते असे. नेमक्या त्याच महिन्यात, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटांनी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून टपालाच्या थैल्या घेऊन छोट्या पुस मॉथ विमानातून उड्डाण केले आणि अहमदाबादला थांबून ते जुहूच्या मैदानावर उतरले. भारतीय विमानसेवेचा जन्मदिवस म्हणून हा प्रसंग आपण सांगतो आणि ते योग्यच आहे. त्याला दुसरी बाजूही आहे. लंडनहून निघून कराचीला आलेले टपाल त्या दिवसापासून हवेतून मुंबईला पोहोचू लागले. लंडन-मुंबई हवाई वाटेचा तुटलेला शेवटचा दुवा जोडला गेला. गोलावरची ती सर्वांत जवळची रेषा जिथून जाते तेच हे कराची. त्या काळी ते मुंबईकडे येणाऱ्या आकाशाचे दार होते. आज भारतीय विमानाला त्याच्यावरून जाता येत नाही.

स्वातंत्र्यानंतरचा टप्पा वेगाच्या बाजूने बोलतो असे वाटू शकते. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. या दोन थांब्यांची वाट मोजली तर ती सुमारे ७,९०० किलोमीटर भरते, म्हणजे जवळच्या रेषेपेक्षा सातशे किलोमीटर जास्त. विमानाचा वेग ताशी पाचशेच्या आसपास. १९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ आले आणि वेग एकदम नऊशेच्या पुढे गेला. ही उडी खरी होती आणि तिने प्रवासाचे कितीतरी तास वाचवले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्यानंतर काय झाले ते पाहावे. ७०७ चा वेग आजच्या ७८७ इतकाच, किंबहुना कांकणभर जास्त होता. साठ-पासष्ट वर्षांत प्रवासी विमानाचा वेग वाढलेला नाही. इंधन वाचवण्यासाठी कंपन्या आता तो जाणीवपूर्वक थोडा कमीच ठेवतात. तरीही १९६० च्या दशकातला मुंबई-लंडन प्रवास आजच्यापेक्षा कितीतरी लांबलचक होता, कारण तो तुकड्यातुकड्यांनी होई. २४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्समधल्या माँ ब्लां शिखरावर आदळलेले ‘कांचनगंगा’ हे ७०७ मुंबईहून दिल्ली, बैरुत, जिनिव्हा असे थांबे घेत लंडनकडे चालले होते. डॉ. होमी भाभा त्याच विमानात होते आणि त्यांच्यासह ११७ जण त्यात गेले. आजच्या विमानाइतकेच वेगवान विमान आणि लंडनच्या आधी तीन थांबे. आज जो वेळ वाचतो तो हे थांबे गाळल्याने वाचतो. इंधन जास्त मावू लागले, इंजिने कमी पिऊ लागली, दोन इंजिनांवर लांब पल्ल्याचे उड्डाण सुरक्षित ठरले. अभियांत्रिकीचे हे यश मोठेच आहे, पण ते वेगाचे यश नाही.

मग आवाजाहून वेगवान विमान हे उत्तर नाही का? ते एकदा करून झालेले आहे. २१ जानेवारी १९७६ रोजी ब्रिटिश एअरवेजचे कॉन्कॉर्ड लंडनहून बहारीनला निघाले. आपल्या बाजूला येणाऱ्या वाटेचा तो बराचसा भाग होता. पण अशा विमानाचा ध्वनीचा तडाखा जमिनीवर कानठळ्या बसवतो आणि खिडक्या हादरवतो, म्हणून वस्तीच्या भूमीवर त्याला पूर्ण वेगाने उडू दिले जात नसे. मुंबई-लंडन वाट बहुतेक जमिनीवरूनच जाते. अटलांटिकवर, लंडन आणि न्यूयॉर्कच्या मध्ये, कॉन्कॉर्ड २००३ पर्यंत टिकले, कारण तिथे खाली पाणी होते. पुढे असे विमान पुन्हा आलेच, तरी त्याच्यापुढे हाच प्रश्न असेल की त्या वेगाने वरून जायला मधले कोण हो म्हणणार.

दुसरा आक्षेप वाऱ्याचा आहे आणि तो अधिक भक्कम आहे. जाताना जास्त वेळ आणि येताना कमी, हा फरक ना ध्वजाने पडतो, ना करारांनी. तो पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या उंचावरच्या वेगवान वाऱ्यांमुळे पडतो, ज्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यातला एक प्रवाह उत्तर भारत आणि इराणच्या अक्षांशांवर असतो, दुसरा युरोपवर. ताशी शंभर-दोनशे किलोमीटर हा त्याचा नेहमीचा वेग. कधी तो त्याहून बराच वाढतो. मुंबईहून जाणारे विमान त्याच्या तोंडावर जाते, येणारे त्याच्या पाठीवर येते. हिशेब करून पाहू. सगळ्या वाटेवर सरासरी सत्तर किलोमीटरचा वारा धरला, तर नऊशेच्या वेगाचे विमान जाताना जमिनीच्या हिशेबात आठशेतीसने जाईल आणि ७,२०० किलोमीटरला आठ तास चाळीस मिनिटे घेईल. येताना नऊशेसत्तरने येईल आणि सात तास पंचवीस मिनिटांत पोहोचेल. सव्वा तासाचा फरक केवळ वाऱ्याचा. हेही खरे की वारा जाता-येता बरोबरीने फिटत नाही. जाण्यायेण्याची बेरीज सोळा तासांऐवजी सोळा तास पाच मिनिटे होते, कारण विरोधी वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते. पावसाळ्यात चित्र थोडे बदलते; दक्षिण भारतावर बऱ्याच उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा वेगळा प्रवाह तयार होतो, तर पश्चिमी वारे उत्तरेकडे सरकून मंदावतात. म्हणून वारा महत्त्वाचा आहे, हे मान्यच. पण त्याचा अंदाज लागतो. हवामानखाते तो आदल्या दिवशी सांगते आणि वैमानिकाची वाट त्याप्रमाणे आखली जाते, कधी शंभर-दोनशे किलोमीटरचा वळसा घालून वारा चुकवण्यासाठी किंवा पकडण्यासाठी. हा वळसा घेण्याची मोकळीक मात्र तेव्हाच असते, जेव्हा बाजूचे आकाश उघडे असते. चिंचोळ्या पट्टीतून सगळ्यांनाच जावे लागले, तर समोरचा वारा निमूट सोसावा लागतो, हवी ती उंचीही मिळत नाही, आणि त्यासाठी जास्त इंधन भरावे लागते. ते वाहून नेण्यासाठी पुन्हा थोडे इंधन. वाऱ्याचा प्रश्न असा फिरून परवानगीपाशीच येतो.

उरलेला वेळ दोन टोकांवर जातो. वेळापत्रकातली वेळ ही हवेतली वेळ नसते. विमान फलाटावरून हलते तिथपासून पलीकडे फलाटाला लागते तिथपर्यंतची ती असते. मुंबईच्या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच नीट वापरता येते; तिच्यावरून तासाला पंचेचाळीस-शेहेचाळीस विमानांची ये-जा होते. त्या रांगेत उभे राहण्याचा वेळ तिकिटावरच्या वेळेत आधीच धरलेला असतो. हीथ्रोला दोन समांतर धावपट्ट्या आहेत, वर्षाला ४ लाख ८० हजार उड्डाणांची मर्यादा आहे आणि रात्रीच्या उड्डाणांवर कडक बंधने आहेत. येणारी विमाने लंडनभोवतीच्या चार ठरलेल्या जागी, बॉव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकम आणि बिगिन हिल इथे, एकाच्या वर एक अशा थरांत घिरट्या घालत आपली पाळी येण्याची वाट पाहतात. लंडन खिडकीतून दिसत असते आणि विमान उतरत नाही, हा प्रवाशाला जाचणारा भाग त्यामुळे घडतो. कंपन्या वेळापत्रक जरा सैल ठेवतात ते यासाठीच. ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत आलेले विमान वेळेवर धरले जाते, आणि सैल वेळापत्रकाने वक्तशीरपणाचे आकडे चांगले दिसतात, हाही त्यात हेतू असतोच. मला ही पद्धत पूर्ण प्रामाणिक वाटत नाही. प्रवाशाला हवेतला अपेक्षित वेळ आणि राखीव वेळ वेगवेगळा सांगायला काही हरकत नसावी.

तिकिटावरच्या घड्याळाने गोंधळ आणखी वाढतो, कारण दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात. हिवाळ्यात भारत लंडनच्या साडेपाच तास पुढे असतो आणि उन्हाळ्यात, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत, साडेचार तास. दुपारी एकला मुंबईहून निघून हिवाळ्यात दहा तासांनी पोहोचले, तर लंडनच्या घड्याळात संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. कागदावर साडेचार तासांचा प्रवास दिसतो. परतीला उलट होते, रात्री निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी उतरतो आणि प्रवास दीडपट वाटतो.

अंतराच्या बाजूने बोलणारा शेवटचा आक्षेप असा की वेळ बदलते, किलोमीटर बदलत नाहीत. तेव्हा निदान कायद्याला आणि पैशाला तरी किलोमीटरच हवेत. हे बरोबर आहे आणि तसे घडतेही. ब्रिटनच्या कायद्याप्रमाणे तिथून निघणारे विमान चार तासांहून जास्त उशिरा पोहोचले आणि प्रवास ३,५०० किलोमीटरहून लांबचा असला, तर प्रवाशाला ५२० पौंड भरपाई मागता येते. मग कंपनी भारतीय असो की ब्रिटिश. तिथे अंतर जवळच्या रेषेनेच मोजतात, विमान प्रत्यक्षात कुठून आले याला महत्त्व नसते. उशीर आकाश बंद झाल्याने झाला असेल तर मात्र ही भरपाई मिळत नाही, म्हणजे वेळ ठरवणारे सर्वांत मोठे कारण कायद्याने बाहेर ठेवले आहे. कराच्या बाबतीत तर किलोमीटरही वाटतात तितके तटस्थ नाहीत. ब्रिटनमधून उडणाऱ्या प्रवाशावर लागणारा हवाई प्रवासकर अंतराच्या टप्प्यांवर ठरतो, पण ते अंतर लंडनपासून त्या देशाच्या राजधानीपर्यंत मोजले जाते. त्या कायद्याच्या लेखी लंडनहून मुंबई दिल्लीइतकीच दूर आहे, मग विमान मँचेस्टरहून का निघेना.

प्रवाशाने या सगळ्यातून काय पाहावे, तर किलोमीटर नव्हे, थांबे पाहावेत. मुंबई ते दुबई सुमारे १,९०० किलोमीटर आणि दुबई ते लंडन सुमारे ५,५००. बेरीज ७,४०० च्या घरात. थेट अंतरापेक्षा जेमतेम दोनशे किलोमीटर, म्हणजे तीन टक्के जास्त. वेळ मात्र थांब्यासह बहुधा बारा-चौदा तासांवर जातो. एवढ्या जवळजवळ सारख्या अंतरात तीन-चार तासांचा फरक केवळ उतरणे, बदलणे आणि पुन्हा चढणे यांनी पडतो. भाडे कमी असेल तर हा सौदा वाईट नाही, पण आखाताच्या आसपास आकाश बंद होण्याची शक्यता असलेल्या काळात दीड तासाचा थांबा घेऊ नये, तीन तासांचा घ्यावा. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणे सुरू झाली आहेत, तेव्हा एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढे जाण्याची वेळ येणार नाही ना, हेही तिकीट काढतानाच तपासावे. आणि दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असावेत. पहिले विमान उशिरा आले, तर पुढचे मिळवून देण्याची जबाबदारी अशा तिकिटात कंपनीवर राहते. वेगवेगळी तिकिटे काढली, तर ती प्रवाशावर येते.